प्रतिजैविक सुरू झाले, थांबवणार कोण?

पावसाळ्यातल्या कुठल्याही आठवड्यात घाटकोपर, मुलुंड, अंधेरी किंवा बोरिवलीतल्या वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये चित्र साधारण सारखेच असते. तीन दिवसांचा ताप, मोडून आलेले अंग, थोड्या उतरलेल्या प्लेटलेट. मलेरिया असेल, डेंग्यू असेल, लेप्टो असेल किंवा टायफॉइड. पहिल्या दिवशी हे चारही आजार एकमेकांसारखेच दिसतात. नातेवाईक घाबरलेले असतात. रात्रपाळीचा डॉक्टर सलाइन लावतो आणि सोबत सेफ्ट्रायक्सोनचे इंजेक्शन सुरू करतो. या निर्णयात चूक काढणे सोपे नाही. लेप्टो आणि टायफॉइड या दोन्हींवर हे औषध चालते आणि रुग्ण गंभीर होईपर्यंत वाट पाहण्याचा धोका कुणीच पत्करणार नाही.

खरा प्रश्न दोन दिवसांनी उभा राहतो. तोवर तपासणीचे अहवाल आलेले असतात. समजा, डेंग्यू निघाला. डेंग्यू विषाणूमुळे होतो आणि प्रतिजैविके जिवाणूंना मारतात. म्हणजे इंजेक्शनचे काम तिथेच संपले. तरीही ते अनेकदा चालूच राहते. पाच दिवसांचा कोर्स पूर्ण होतो, घरी जाताना वर आणखी गोळ्या लिहून मिळतात. औषध सुरू करण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. थांबवण्याचा निर्णय मात्र कुणाच्याच वाट्याला आलेला नसतो.

प्रतिजैविकांच्या जबाबदार वापराची चर्चा बहुतेक वेळा ‘डॉक्टर उगाच अँटिबायोटिक्स देतात’ किंवा ‘लोक केमिस्टकडून परस्पर घेतात’ या दोन वाक्यांवर संपते. दोन्हींत तथ्य आहे. पण रुग्णालयांपुरते पाहिले तर गाडी दुसऱ्याच ठिकाणी अडते. पहिला डोस देताना अंदाजावर विसंबावेच लागते. अडचण आहे ती ४८ ते ७२ तासांनी होणाऱ्या फेरविचाराची. तो फेरविचार करायला अहवाल लागतो, माणूस लागतो आणि कुणीतरी विचारणारे लागते. मुंबईच्या उपनगरांत या तिन्ही गोष्टी मोठ्या रुग्णालयांत सापडतात. बहुसंख्य लहान नर्सिंग होममध्ये त्या एकत्र सापडणे अवघड.

आकडे काय सांगतात

केंद्राच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने (एनसीडीसी) देशातल्या २० मोठ्या रुग्णालयांत केलेली पाहणी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका ठरावीक दिवशी दाखल असलेल्या रुग्णांपैकी किती जणांना प्रतिजैविक चालू आहे, हे त्यात मोजले होते. पाहणीतल्या ९,६५२ रुग्णांपैकी जवळपास ७२ टक्के रुग्ण प्रतिजैविकांवर होते. त्याहून बोलके आकडे पुढचे आहेत. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती. उपचारासाठी दिलेल्या औषधांतही नेमका जंतू कळल्यावर निवडलेली औषधे अवघी सहा टक्के होती. बाकी सगळा अंदाजाचा कारभार.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांचे तीन गट केले आहेत: पहिल्या फळीतली, नेहमीच्या वापराची ‘अ‍ॅक्सेस’, प्रतिकार लवकर वाढण्याचा धोका असलेली, जपून वापरायची ‘वॉच’, आणि शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची ‘रिझर्व्ह’. एकूण वापरात ‘अ‍ॅक्सेस’ गटाचा वाटा किमान ७० टक्के असावा, असे जागतिक उद्दिष्ट सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत मान्य झाले. एनसीडीसीच्या पाहणीत हा वाटा ३८ टक्के निघाला आणि ‘वॉच’ गटाचा ५७ टक्के. म्हणजे जे जपून वापरायचे तेच भारतीय रुग्णालयांत रोजचे झाले आहे. सेफ्ट्रायक्सोनही याच ‘वॉच’ गटातले.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की पाहणीतली रुग्णालये मोठी होती. तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असतो, निदान मोजमाप तरी होते. उपनगरांतल्या नर्सिंग होमचे असे मोजमाप कुणी करत नाही.

याची किंमत कळायला आयसीएमआरच्या निरीक्षण जाळ्याचे अहवाल पुरेसे आहेत. मूत्रमार्गाच्या संसर्गात हमखास सापडणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंपैकी इमिपेनेमला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण २०१६ मध्ये १४ टक्के होते; २०२१ मध्ये ते ३६ टक्क्यांवर गेले. इमिपेनेम हे कार्बापेनेम गटातले, अतिदक्षता विभागात भरवशाचे मानले जाणारे औषध. ‘लॅन्सेट’मधल्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट औषधप्रतिकारामुळे झाले.

इशारा मुंबईतूनच गेला होता

हे संकट मुंबईला नवे नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मार्च २०१० मध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००९ मधल्या काही महिन्यांत त्यांच्याकडे कार्बापेनेमला न जुमानणारे जे २४ जंतू सापडले, त्यांपैकी २२ मध्ये ‘एनडीएम-१’ हे जनुक होते. हे जनुक जिवाणूला कार्बापेनेम निष्प्रभ करणारे विकर तयार करायला शिकवते आणि एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे सहज जाते. त्याच अंकात प्रतिजैविकांचा जणू मृत्युलेख लिहिणारे संपादकीय होते. पुढे ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात याच विषयावर आंतरराष्ट्रीय अभ्यास आला आणि देशात वाद पेटला तो जनुकाच्या नावात ‘न्यू दिल्ली’ का, यावर. वैद्यकीय पर्यटनाच्या बदनामीची चर्चा भरपूर झाली. रुग्णालयांत काय बदलायला हवे, याची त्या मानाने कमी.

दुसरा इशारा क्षयरोगाचा. त्याच वर्षी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावी परिसरातल्या १०६ खासगी डॉक्टरांना क्षयाचे प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितले. तब्बल ६३ वेगवेगळ्या प्रकारची प्रिस्क्रिप्शन मिळाली. बरोबर होती फक्त सहा. २०११ च्या अखेरीस त्याच गटाने सगळ्याच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. अंदाजाने औषध देणे, ते बदलत राहणे आणि मागे कुणी पाहणारे नसणे, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या. त्यानंतर क्षयाच्या बाबतीत सरकारी यंत्रणेने तपासणी आणि नोंदणी सक्तीची केली. इतर संसर्गांच्या बाबतीत तशी शिस्त आली नाही.

४८ तासांत होते काय

फेरविचार ज्या अहवालावर अवलंबून असतो त्याला बोलीभाषेत ‘कल्चर’ म्हणतात. रक्त, लघवी किंवा थुंकीचा नमुना पोषक माध्यमात ठेवून जंतू वाढतो का ते पाहायचे, वाढला तर तो कोणता ते ओळखायचे आणि मग कुठले औषध त्याला मारते ते तपासायचे. याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. अट एकच: नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यायला हवा. आधी औषध आणि मग नमुना, असे झाले की जंतू बाटलीत वाढतच नाही. अहवाल ‘वाढ नाही’ असा येतो आणि डॉक्टर पुन्हा अंधारात.

अहवाल वेळेत आला तर तीन गोष्टी करता येतात. संसर्ग नसेल तर औषध बंद. जंतू साध्या औषधाने मरत असेल तर भारी औषध सोडून साधे. इंजेक्शनऐवजी गोळी चालत असेल तर गोळी. अंधेरी, मुलुंड, विलेपार्ले भागातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत यासाठी संसर्गरोगतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि क्लिनिकल फार्मासिस्ट असतात. ‘एनएबीएच’चे मानांकन हवे असेल तर लेखी प्रतिजैविक धोरण बंधनकारक असते. जुहूच्या कूपर रुग्णालयाला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, त्यामुळे तिथे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहे.

नर्सिंग होममध्ये यातले क्वचितच काही असते. प्रयोगशाळा बाहेरची. नमुना न्यायला येणाऱ्या मुलाची वेळ ठरलेली; रात्री अकराला दाखल झालेल्या रुग्णाचा नमुना सकाळी जातो, तोवर दोन डोस होऊन गेलेले. कल्चरचा खर्च वेगळा आणि तो रुग्णाच्या बिलात वाढलेला दिसतो. तज्ज्ञ डॉक्टर तीन-चार ठिकाणी फिरत असतात. सकाळी येणारे फिजिशियन आणि रात्री असणारे निवासी डॉक्टर यांच्यात कागदावरची नोंद एवढाच दुवा. अहवाल तिसऱ्या दिवशी मोबाइलवर येतो, तेव्हा रुग्ण घरी जायच्या तयारीत असतो.

आणि रुग्ण बरा झाला नाही, तर? पाचव्या दिवशी त्याला मोठ्या रुग्णालयात हलवले जाते. तोवर दोन-तीन प्रतिजैविके होऊन गेलेली असतात आणि कल्चर एकही नसते. तिथल्या डॉक्टरांना जंतू सापडत नाही, म्हणून ते आणखी वरचे औषध काढतात. शिस्तीचे धोरण असलेल्या रुग्णालयातही वापर वाढतो, त्याचे एक कारण हे. लहान रुग्णालयातली उणीव मोठ्या रुग्णालयाच्या आकड्यांत दिसते.

शस्त्रक्रियेनंतरचे पाच दिवस

‘होऊ नये म्हणून’ दिल्या जाणाऱ्या औषधांचा मोठा वाटा शस्त्रक्रियांचा आहे. इथे शास्त्र अगदी स्पष्ट आहे. सिझेरियनसाठी जागतिक आरोग्य संघटना चीर देण्यापूर्वी एकच डोस पुरेसा मानते. इतर शस्त्रक्रियांनंतरही संसर्ग टाळण्यासाठी म्हणून प्रतिजैविक चालू ठेवू नये, असे तिची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. टाके घातल्यानंतर दिलेल्या गोळ्या जखम अधिक सुरक्षित करत नाहीत. आतड्यातल्या जिवाणूंना मात्र प्रतिकाराचे शिक्षण देतात.

तरीही पाच-सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात. कारण भीती. शस्त्रक्रियागृहाचे निर्जंतुकीकरण, हात धुणे, कपडे, हवा या साखळीतली एखादी कडी कच्ची असेल अशी शंका असते आणि गोळी त्या शंकेवरचा विमा वाटते. जखम चिघळली तर ‘औषध का दिले नाही’ हा प्रश्न नातेवाईक विचारणार. ‘का दिले’ असे कुणी विचारत नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी ज्या राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तिथे ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणूनच एकेका डॉक्टरला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. औषध थांबवणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी लेखी नियम उभा असला, तरच तो थांबवू शकेल.

थांबवल्याने रुग्णाला धोका होतो का, याचे उत्तरही उपलब्ध आहे. रुग्णालयांतल्या अशा उपक्रमांचे २२१ अभ्यास एकत्र करून कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये आढावा घेतला. प्रतिजैविकांचा कालावधी सरासरी सुमारे दोन दिवसांनी कमी झाला, मृत्यूंचे प्रमाण वाढले नाही.

नियम आहेत, पण कुठे?

केमिस्टच्या काउंटरवर नियम आहे. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यातल्या ४६ औषधांची विक्री करताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि प्रमाण यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१६ पासून औषधाच्या पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून, प्रतिजैविक देताना ते कशासाठी हे प्रिस्क्रिप्शनवर लिहावे, अशी विनंती केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ या काळासाठीचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला.

हे सारे दुकानापाशी किंवा दिल्लीत थांबते. नर्सिंग होमच्या आतल्या खाटेपर्यंत पोचणारा एक धागा मात्र मुंबईत आधीपासून आहे: नोंदणी. महाराष्ट्राने केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. मुंबईत ही नोंदणी महापालिका करते आणि दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. त्या वेळी अग्निशमनाची कागदपत्रे पाहिली जातात, जैववैद्यकीय कचऱ्याची पाहिली जातात. प्रतिजैविकांचा प्रश्न त्याच फायलीत बसू शकतो. वर्षातून एक दिवस ठरवून दाखल रुग्णांपैकी किती जणांना कोणते प्रतिजैविक चालू आहे, ‘वॉच’ गटातले औषध देण्यापूर्वी कल्चर घेतले का आणि तिसऱ्या दिवशी फेरविचाराची नोंद आहे का, एवढे तीन रकाने पुरेत. एनसीडीसीने देशपातळीवर केले तेच वॉर्डाच्या पातळीवर. यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. नूतनीकरणाच्या अर्जात भर घालण्याची आहे.

नुसते रकाने भरून घेतले तर मात्र तो आणखी एक कागद होईल. सोबत प्रयोगशाळा द्यावी लागेल. महापालिकेची १६ उपनगरी रुग्णालये आहेत: घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला एम. टी. अगरवाल, बोरिवलीला भगवती. पश्चिम उपनगरांसाठी कूपर आणि पूर्वेसाठी शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय अशी दोन केंद्रे धरून आसपासच्या लहान रुग्णालयांचे नमुने तिथे नेता येतील. महापालिकेच्या दवाखान्यांतले नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासण्याची ‘आपली चिकित्सा’ योजना २०१९ मध्ये सुरू झाली. म्हणजे नमुने उचलून नेण्याचा अनुभव महापालिकेला आहे. केंद्रातला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अहवालासोबत ‘हे औषध बंद करता येईल’ एवढी एक ओळ लिहू शकला, तरी नर्सिंग होममधल्या डॉक्टरला हवा तो आधार मिळेल.

हे स्वप्नरंजन नाही. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला, मोठ्या प्रयोगशाळा मध्यभागी ठेवून लहान रुग्णालये त्यांना जोडली आणि कुठल्या भागात कुठले औषध चालते याचा तक्ता जाहीर केला. प्रिस्क्रिप्शनशिवाय होणाऱ्या विक्रीवर २०२४ मध्ये ‘ऑपरेशन अमृत’ ही मोहीम उघडली. तिथल्या सरकारच्या म्हणण्यानुसार प्रतिजैविकांची विक्री २० ते ३० टक्क्यांनी घटली. मुंबईत असा तक्ता वॉर्डनिहाय निघाला, तर बोरिवलीतल्या फिजिशियनला मूत्रमार्गाच्या संसर्गात पहिले औषध कोणते द्यावे, हे परदेशी पुस्तकाऐवजी बोरिवलीच्याच जंतूंवरून ठरवता येईल.

नेमका नियम सांगितला की लोक आणि डॉक्टर तो समजून घेतात, याचे उदाहरणही मुंबईकडेच आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर शहराने लेप्टोची साथ पाहिली. आता पाणी तुंबले की महापालिका डॉक्सिसायक्लिनबाबत सूचना काढते. जखम नसताना एकदाच पाण्यातून चालत गेलेल्याला एकच डोस, जखम असेल तर तीन दिवस, वारंवार पाण्यात उतरावे लागणाऱ्यांना आठवड्यातून एकदा असे सहा आठवडे, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. कुणाला, किती, किती दिवस आणि कुठे थांबायचे, हे चारही प्रश्न त्यात सुटलेले आहेत. जबाबदार वापर म्हणतात तो हाच.

दुसरी बाजू

वापर कमी करा एवढेच म्हणून भागत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ देशांच्या अभ्यासानुसार, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या संसर्गाच्या भारतीय रुग्णांपैकी योग्य औषध जेमतेम ७.८ टक्के रुग्णांपर्यंत पोचले होते. डेंग्यूच्या रुग्णाला नको असलेले औषध मिळते आणि खरोखर गरज असलेल्याला हवे ते मिळत नाही, अशी ही उलटी स्थिती. दोन्हींचे मूळ एकच: जंतू कोणता आहे हे वेळेत न कळणे.

नवी औषधे येत आहेत. मुंबईत मुख्यालय असलेल्या वोक्हार्ट कंपनीने विकसित केलेले नॅफिथ्रोमायसिन २०२४ च्या अखेरीस पुढे आले. पण पेनिसिलिनच्या अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच दिला होता. नऊ वर्षांनी पिंपरीत सरकारी पेनिसिलिन कारखाना उभा राहिला, तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज ते गल्लीतल्या दुकानात मिळते आणि प्रश्न ते टिकवण्याचा आहे. नवे औषधही त्याच अंदाजाने वापरले गेले तर त्याची गत जुन्यासारखीच होईल.

महापालिका आणि राज्य सरकार काय करतील ते करतील. तोवर नातेवाइकांनी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. रुग्ण दाखल होताना: ‘डॉक्टर, हे इंजेक्शन देण्याआधी कल्चर पाठवायचे का?’ आणि तिसऱ्या दिवशी: ‘अहवाल पाहून हे चालू ठेवायचे की बंद करायचे?’ स्वतःहून औषध थांबवू नये. तो निर्णय डॉक्टरचाच आहे. पण विचारणारे कुणी असले की तो निर्णय घेतला जाण्याची शक्यता वाढते.